टर्नर सिंड्रोम, ग्रोथ हॉर्मोन आणि आमची साडेसात वर्षं

जानेवारी २०२४मध्ये माझ्या मुलीने ग्रोथ हॉर्मोनचं शेवटचं इंजेक्शन घेतलं. पहिलं घेतलं होतं जून २०१६मध्ये. मधली साडेसात वर्षं जवळजवळ रोज रात्री झोपण्याआधी एक सुई. तिला टर्नर सिंड्रोम आहे, म्हणजे मुलींमध्ये असणाऱ्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक पूर्ण किंवा अंशतः नाही आणि त्यामुळे उंची कमी राहते, असं निदान झालं त्या आठवड्यात मी रात्ररात्र वाचत बसायचो. सापडायचे ते एकतर संशोधनाचे निबंध, नाहीतर घाबरवून सोडणारे अर्धवट सल्ले. या वाटेने आधी गेलेल्या एखाद्या बापाने "आधी हे होतं, मग ते होतं, इथे ताटकळावं लागतं" असं सांगितलेलं मला हवं होतं. ते मिळालं नाही, म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. औषधाचे आकडे आमच्या मुलीचे आहेत, तुमच्या मुलीचे तिच्या डॉक्टरांकडूनच घ्या. मुलीला इथे मनू म्हणतो. खरं नाव कुठे सांगायचं, मुळात सांगायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल. हा मजकूर तिने वाचलाय आणि दोन ठिकाणी काट मारलीय.

मनू फेब्रुवारी २००९ची. जन्मली तेव्हा पावलं टम्म सुजलेली होती. महिन्या-दीड महिन्यात सूज उतरली आणि आम्ही विसरलो. मग कानांचं सुरू झालं. सर्दी झाली की कान दुखणार, कान दुखला की वाहणार. उंचीकडे आमचं लक्ष सगळ्यात शेवटी गेलं. वर्गाच्या फोटोत ती कायम पहिल्या रांगेत, अगदी कडेला. पण आमच्या दोघांच्याही घरात ताडमाड कोणी नाही, त्यामुळे "उशिरा उंच होईल" या एका वाक्यावर आम्ही दोन वर्षं काढली. ऑक्टोबर २०१५मध्ये कपाट आवरताना तिचे दोन वर्षांपूर्वीचे बूट निघाले. तिने ते सहज पायात घातले आणि घरभर नाचत सुटली. बायको एकदम गप्प झाली.

बालरोगतज्ज्ञांनी लसीकरणाच्या कार्डावरच्या जुन्या नोंदी घेतल्या, तक्त्यावर ठिपके मांडले आणि जोडले. रेष वर चढायच्या ऐवजी आडवी पडत चालली होती. वर्षाला जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. त्या वयात पाच-सहा तरी हवेत. हे ठिपके मांडता आले ते केवळ बायकोने ते कार्ड जपून ठेवलं होतं म्हणून. तुमच्याकडे असं कार्ड असेल तर आजच त्याचा फोटो काढून ठेवा. एका दिवसाची उंची फारसं काही सांगत नाही. वाढीचा वेग सांगतो, आणि वेग काढायला जुने आकडे लागतात.

त्यांनी जन्माच्या वेळचं सगळं विचारलं. पावलांच्या सुजेवर त्या थांबल्या, मान वळवून केसांची रेषा बघितली, आणि कॅरिओटाइप लिहून दिली. कॅरिओटाइप म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांतली गुणसूत्रं एक एक करून बघायची. पेशी वाढायला वेळ लागतो, त्यामुळे घाई करून उपयोग नसतो. आम्हाला साडेतीन आठवडे लागले. त्या दिवसांत मी फोन हातातून खाली ठेवत नव्हतो.

११ जानेवारी २०१६. अहवालात लिहिलं होतं, '४५,एक्स', म्हणजे ४६ऐवजी ४५ गुणसूत्रं. तीस पेशी मोजल्या, तिसांच्या तीस पेशींत एकच एक्स. एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे, बायकोचा पहिला प्रश्न होता, "आमच्यापैकी कोणाकडून आलं?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "कोणाकडूनही नाही. पेशी विभागताना झालेला अपघात आहे. गरोदरपणात तुम्ही काही केलंत किंवा करायचं राहिलं, असं काहीही नाही." साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला टर्नर असतो. बायको बाहेर येऊन रडली. मी रडलो नाही. मी पार्किंगमध्ये गाडी शोधत वीस मिनिटं फिरलो.

उंचीचं गणित डॉक्टरबाईंनी कागदावर करून दाखवलं. एक्स गुणसूत्राच्या टोकाशी शॉक्स नावाचं एक जनुक असतं. हाडं नीट लांब व्हायला त्याच्या दोन प्रती लागतात, हिच्याकडे एकच. टर्नरमधली उंची मुख्यतः इथे अडते. म्हणजे मनूच्या अंगात ग्रोथ हॉर्मोन कमी होतं असं नाही. हाडं त्याला पुरेशी दाद देत नव्हती, म्हणून बाहेरून जास्तीचं द्यायचं. हा मुद्दा नीट समजून घ्या, पुढे फॉर्म भरताना याच्यावरच आमचं घोडं अडलं. मग आई-बापांच्या उंचीवरून अंदाज. माझी १७०, बायकोची १५७. दोन्हींची बेरीज करायची, मुलगी असेल तर १३ वजा करायचे आणि निम्मे करायचे. आले १५७. उपचार न घेतलेल्या टर्नरच्या मुली मोठेपणी आपल्या समाजातल्या इतर बायकांपेक्षा सरासरी वीस सेंटीमीटर कमी राहतात. म्हणजे १३७च्या आसपास, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बरंच अंतर इकडेतिकडे.

"आणि इंजेक्शनं दिली तर?" माझा पुढचा प्रश्न. त्यांनी कॅनडातल्या एका चाचणीचं सांगितलं. २००५मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. मुलींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले होते. एकाला हॉर्मोन दिलं, दुसऱ्याला नाही, आणि मोठ्या होईपर्यंत दोन्ही गटांना मोजत राहिले. हॉर्मोन घेतलेल्या सरासरी १४७.५वर थांबल्या, न घेतलेल्या १४१वर. बाकीचे फरक जमेस धरून उपचाराचा फायदा सात सेंटीमीटरच्या थोडा पुढे निघाला. "सात धरून चला," त्या म्हणाल्या. "जास्त मिळाले तर आनंद."

घरी येऊन मी अर्थातच जास्तवाले शोधले. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात मुलींची अंतिम उंची तीन गटांत सरासरी १५७.६, १६२.९ आणि १६३.६ आली होती. मी तो कागद छापून पुढच्या भेटीला हातात धरून गेलो. डॉक्टरबाईंनी वाचला, परत दिला. डच लोक मुळातच उंच. शिवाय वरच्या दोन गटांतल्या मुलींना नेहमीपेक्षा बरेच मोठे डोस दिलेले. लहानपणी सुरुवात केलेली. "दुसऱ्याच्या मुलीची पट्टी घेऊन आपल्या मुलीला मोजू नका," एवढंच म्हणाल्या. मला तेव्हा राग आला होता.

हॉर्मोन सुरू करण्याआधी बाकीच्या तपासण्यांची रांग लागली. हृदयाचा इको, मूत्रपिंडांची सोनोग्राफी, थायरॉइड, यकृत, साखर, सीलिॲकची (गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याच्या आजाराची) तपासणी, कानांची, डोळ्यांची, आणि डाव्या हाताचा एक्स-रे. हा शेवटचा हाडांचं वय काढण्यासाठी. मूत्रपिंडं दोन, जिथे असायला हवीत तिथे. (टर्नरमध्ये कधीकधी ती घोड्याच्या नालासारखी जोडलेली असतात.) कानांत पाणी साठलेलं निघालं, त्यासाठी नळ्या बसवाव्या लागल्या. इकोमध्ये कळलं की महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या आहेत. यातलंही काही टर्नरमध्ये नवलाचं नाही. झडप काम नीट करत होती, पण आता आयुष्यभर लक्ष ठेवायचं.

इथे एक कबुली. मी त्या दिवशी हृदयाचा अहवाल फाइलमध्ये मागे सरकवला आणि हाडांच्या वयाचा पुढे घेतला. मनू सहा वर्षं अकरा महिन्यांची, हाडं साडेपाच वर्षांची. म्हणजे वाढायला अजून वाव आहे, या आनंदात मी होतो. दोन पाकळ्यांची झडप मला किरकोळ वाटली. उंची डोळ्यांना दिसते ना.

आता कागदपत्रं. औषध महाग आहे. किती, ते सांगत नाही, कारण देश, कंपनी आणि योजना बदलली की आकडा पार बदलतो आणि माझा आकडा तुम्हाला उगाच घाबरवेल किंवा उगाच धीर देईल. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे. डोस वजनावर ठरतो. सतरा किलोच्या मनूला सुरुवातीला रोज ०.८ मिलिग्रॅम लागायचं. दहा मिलिग्रॅमचं कार्ट्रिज (इंजेक्शनच्या पेनमध्ये बसवायची औषधाची नळी) बारा दिवस पुरायचं. चौदाव्या वर्षी चव्वेचाळीस किलोला दोनच्या वर. तेच कार्ट्रिज पाचव्या रात्री संपायचं. म्हणजे पहिल्या वर्षीचा खर्च बघून हिशेब मांडाल तर फसाल. शेवटच्या वर्षाचा मांडा.

आम्ही विम्यातून मंजुरी मागितली. अर्ज फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गेला, नकार मार्चच्या मध्यावर आला. कारण एका ओळीचं, 'ग्रोथ हॉर्मोन स्टिम्युलेशन चाचणीचा अहवाल जोडलेला नाही.' या चाचणीत औषध देऊन शरीर किती हॉर्मोन सोडतं ते मोजतात. हॉर्मोनची कमतरता असलेल्या मुलांसाठी ती हवीच. टर्नरमध्ये तिची गरज नसते, कारण मुळात कमतरता हे कारणच नाही. पण फॉर्ममध्ये रकाना एकच होता आणि तो रिकामा दिसला की पुढचा माणूस शिक्का मारून मोकळा. मी फोनवर तीनदा वेगवेगळ्या माणसांना शॉक्स जनुक समजावून सांगितलं. चौथ्यांदा एका बाईंनी मधेच थांबवून विचारलं, "निदानाचा कोड काय लिहिलाय?" बघतो तर आमच्याच बाजूने 'बुटकेपणा' असा मोघम कोड पडला होता. टर्नरचा कोड वेगळा आहे, आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत क्यू९६. तो घालून, कॅरिओटाइपची प्रत आणि 'या आजारात ही चाचणी लागू नाही' असं डॉक्टरबाईंचं पत्र जोडून अर्ज परत पाठवला. मंजुरी मेअखेरीला आली, तीही एका वर्षाची. दर वर्षी नव्याने वाढीचा वेग आणि हाडांचं वय पाठवायचं. तर फॉर्म पाठवण्याआधी तो कोड स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने आधी टाका. आम्ही २०१८मध्ये तीन आठवडे आधी टाकला आणि अकरा रात्री औषधाविना गेल्या.

७ जून २०१६. नर्सने पेन कसं लावायचं, हवा कशी काढायची, सुई टोचल्यावर दहापर्यंत मोजून मग बाहेर कशी घ्यायची ते शिकवलं. मांडी, पोट, कुल्ला. रोज जागा बदलायची, नाहीतर त्या जागेची चरबी खड्ड्यासारखी दबते. रात्री देण्याचं कारण असं की शरीरही आपलं हॉर्मोन झोपेतच जास्त सोडतं. सुई चार मिलिमीटरची, केसासारखी. बायकोचा हात थरथरायला लागला, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. पहिल्या रात्री मनूने डोळे मिटले, मी टोचलं, तिने विचारलं, "बाबा, टोचलं का?" त्यानंतर मात्र दोन आठवडे रोज रडारड. सुई दुखत नव्हती. रोज आहे हे दुखत होतं. शेवटी आम्ही तिलाच जागा निवडायला दिली. "आज कुठे?" एवढ्या एका प्रश्नाने फरक पडला.

तिसऱ्या आठवड्यापासून तिचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठल्या उठल्या. आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की सतत डोकेदुखी, उलट्या, अंधूक दिसणं असं झालं तर वाट बघायची नाही. या औषधाने क्वचित मेंदूभोवतीचा दाब वाढतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून पडदा तपासला. सूज नव्हती. डोस निम्मा केला, सहा आठवड्यांत हळूहळू परत वर नेला, दुखणं गेलं. दुसरी सूचनाही लक्षात ठेवण्यासारखी. मूल लंगडायला लागलं किंवा गुडघा, खुबा दुखतो म्हणालं तर 'खेळताना लागलं असेल' म्हणून सोडायचं नाही, खुब्याचा एक्स-रे काढायचा. झपाट्याने वाढताना खुब्याच्या हाडाचं टोक सरकू शकतं. अकराव्या वर्षी मनू आठवडाभर लंगडली. एक्स-रे चांगला आला. लागलंच होतं.

याच सुमारास मी कुठेतरी वाचलं की पूर्वी हे हॉर्मोन मृतदेहांच्या पियूषिका ग्रंथींतून काढत आणि त्यातून काहींना मेंदूचा जीवघेणा आजार झाला. रात्री दोन वाजता वाचलं, हे सांगायला नकोच. ते खरं आहे, पण ते औषध १९८५मध्ये बंद झालं. तेव्हापासूनचं हॉर्मोन प्रयोगशाळेत जनुकीय तंत्राने बनवलेलं आहे, आणि टर्नरसाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९६मध्ये.

पहिल्या वर्षाचा हिशेब असा. जून २०१६मध्ये १०६.४, जून २०१७मध्ये ११४.६. आठ सेंटीमीटरच्या वर! कपडे आखूड व्हायला लागले याचा एवढा आनंद कुणा बापाला झाला नसेल. दुसऱ्या वर्षी ६.४, तिसऱ्या वर्षी ५.८. औषध काम करेनासं झालं असं वाटून मी हादरलो होतो. पहिल्या वर्षाची उडी पुन्हा येत नसते, वेग असाच ओसरतो, हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून तुम्हाला सांगतोय.

औषध फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायचं. एकदा मी तीन महिन्यांचा साठा आणून मागच्या भिंतीला टेकवून ठेवला. भिंतीला लागलेली दोन कार्ट्रिजेस गोठली. गोठलेलं औषध वितळलं तरी वापरायचं नाही. बायको काही बोलली नाही, ते जास्त लागलं. तेव्हापासून साठा फ्रिजच्या दारातल्या झाकणाच्या कप्प्यात. प्रवासाला थंड पिशवी आणि डॉक्टरांचं पत्र, विमानात पेन सामानात न टाकता सोबत. डोस ठरवताना डॉक्टरांना कार्ट्रिजचा आकडा सांगा. थोडं पुढेमागे करून असा डोस बसवता येतो की शेवटी थेंबभर उरून वाया जात नाही.

२०२०मध्ये दवाखाने बंद, भेटी फोनवर. मोजायचं काम माझ्याकडे आलं. मी संध्याकाळी दाराला उभी करून मोजली, १३१.८ भरली. काळजीने रात्र काढली. सकाळी उठल्या उठल्या मोजली तर १३२.५. दिवसभरात मणक्यातल्या चकत्या दबतात, माणूस संध्याकाळपर्यंत पाऊण-एक सेंटीमीटर खचतो. घरी मोजणार असाल तर सकाळी मोजा, अनवाणी, टाचा भिंतीला लावून, डोक्यावर काटकोनात जाड पुस्तक धरून, तीनदा. आणि महिन्या-महिन्याला मोजू नका. मी मोजायचो. मनूने एकदा दारावरच्या सगळ्या पेन्सिलीच्या खुणा खोडरबरने पुसल्या होत्या.

त्याच वर्षी दुसरा मोठा निर्णय आला, इस्ट्रोजेनचा, म्हणजे मुलींना वयात आणणाऱ्या हॉर्मोनचा. टर्नरमध्ये अंडाशय बहुतेकदा काम करत नाहीत, त्यामुळे वयात येणंही औषधानेच सुरू करावं लागतं. इस्ट्रोजेनने हाडांची टोकं अखेर बंद होतात आणि उंची थांबते. त्यामुळे पूर्वी उंची मिळावी म्हणून ते पंधराव्या वर्षापर्यंत लांबवत. मी विचारलं, आपणही दोन वर्षं थांबूया का? आणखी चार सेंटीमीटर मिळाले तर? डॉक्टरबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. अकरा-बाराच्या वयात अगदी थोड्या मात्रेने सुरुवात केली तर उंचीचं नुकसान होत नाही, हे आता माहीत आहे. आणि हाडांची मजबुती, गर्भाशयाची वाढ, मुलीचं आपल्या बरोबरीच्या मुलींत असणं, हे सगळं त्या दोन वर्षांत थांबून राहतं. मग त्यांनी मनूकडे वळून विचारलं, "तुला काय वाटतं?" माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं. मनू म्हणाली, "सगळ्या मुली मोठ्या होतायत. मला पण व्हायचंय."

ऑगस्ट २०२०मध्ये इस्ट्रोजेनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी) सुरू झाला. सगळ्यात लहान पॅचचा चौथा भाग, आठवड्यातून दोनदा. कापता येतो तो पॅच वेगळ्या प्रकारचा असतो, सगळे कापायचे नसतात, तेवढं विचारून घ्या. मात्रा दोन-अडीच वर्षांत हळूहळू वाढवली. पुढच्या वर्षी ती ६.१ सेंटीमीटर वाढली.

टर्नर म्हणजे काय हे तिला आम्ही तुकड्या-तुकड्याने सांगितलं. सातव्या वर्षी 'तुझ्या हाडांना थोडी मदत लागते'. दहाव्या वर्षी नाव आणि गुणसूत्र. मूल होण्याबद्दलचं बाराव्या वर्षी, तेही तिने स्वतः विचारल्यावर, आणि ते बायकोने सांगितलं. त्या संध्याकाळबद्दल मी लिहिलेल्या चार ओळींवर मनूने काट मारली आहे.

तेराव्या वर्षी ती स्वतः इंजेक्शन घ्यायला लागली आणि मी निर्धास्त झालो. नको व्हायला होतं. मार्च २०२२च्या तपासणीत आयजीएफ-१ खाली आलं. औषध अंगी लागतंय का आणि जास्त होत नाही ना, हे या रक्ततपासणीतून कळतं. डॉक्टरबाई डोस वाढवायच्या विचारात होत्या. घरी येऊन मी फ्रिजचा कप्पा उघडला, हिशेब केला, तीन कार्ट्रिजेस जास्त होती. मी ओरडलो. मग ती ओरडली, "तुम्हाला फक्त माझी उंची दिसते!" दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंना खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. आठवड्याची मात्रा सहा दिवसांत वाटून दिली आणि रविवारी सुट्टी. कॅनडातल्या त्या चाचणीतही मुली आठवड्याला सहाच इंजेक्शनं घ्यायच्या म्हणे. रविवारची सुट्टी मिळाल्यावर बाकीचे सहा दिवस चुकले नाहीत.

जून २०२२मध्ये १४३.९, जून २०२३मध्ये १४७.९. जानेवारी २०२४मध्ये १४८.७. सहा महिन्यांत आठ मिलिमीटर. हाडांचं वय चौदा. वाढीचा वेग वर्षाला दोन सेंटीमीटरच्या खाली गेला की इंजेक्शन चालू ठेवण्यात अर्थ नसतो, सुया आणि खर्च तेवढे वाढतात. मला वाटलं होतं मला सुटल्यासारखं वाटेल. त्या रात्री साडेनऊ वाजता मी सवयीने फ्रिज उघडला आणि उगाच पाण्याची बाटली काढून बंद केला.

एका नातेवाइकांनी विचारलं, "एवढं करून दीडशेसुद्धा नाही?" मनू शेजारीच होती. म्हणाली, "दीडशेला चढायला स्टूल आहे घरात."

जुलै २०२४ला शेवटची मोजणी झाली, १४९.३. मनूने डॉक्टरबाईंना विचारलं, "मी इंजेक्शनं घेतलीच नसती तर किती झाले असते?" मी कान टवकारले. साडेसात वर्षं मला याच उत्तराची ओढ होती. त्या म्हणाल्या, "तुझी एक जुळी बहीण असती, अगदी तुझ्यासारखीच, आणि तिला दिली नसती, तर तिच्या शेजारी उभं करून सांगितलं असतं. एरवी मला सांगता येणार नाही." १३७ हा अंदाज, सात ही सरासरी, १४९.३ हीच काय ती मोजलेली गोष्ट.

दारातला कप्पा आता मनूने बळकावलाय, नेलपॉलिशच्या बाटल्यांसाठी. पॅच चालू आहे. थायरॉइड, साखर, कान दर वर्षी. पुढची तारीख हृदयाच्या डॉक्टरांची आहे, एमआरआय करायचाय. महाधमनीची रुंदी शरीराच्या मापाशी ताडून बघावी लागते. मोठ्या चणीच्या बाईला जी रुंदी चालते ती हिला जास्त ठरू शकते. त्यामुळे तिथेही आधी उंची मोजतील. फाइल मी आदल्या रात्रीच लावून ठेवतो, आणि या वेळी इकोचे अहवाल पुढे घेतलेत.